ऑटोफॅजीचं नोबेल कॅन्सरवरच्या उपवासाला मिळालेलं नाही

आषाढी जवळ आली की एक संदेश फिरू लागतो: 'उपाशी राहिलं की शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं, हे जपानच्या ओसुमींनी सिद्ध केलं आणि नोबेल मिळवलं. आपल्या पूर्वजांना एकादशीमुळे हे ठाऊकच होतं. औषध कंपन्या मात्र लपवतात.' एकादशीबद्दल माझी तक्रार नाही; श्रद्धेला नोबेलचा दाखला लागत नाही. पण हा संदेश केमो सुरू असलेल्या घरांतही पोचतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी नोबेलचं. योशिनोरी ओसुमींना ते २०१६ मध्ये मिळालं, हे खरं; पण ते ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवण्याची प्रक्रिया, कशी चालते यासाठी. त्यांचं काम यीस्टवरचं. रिक्तिकेतली (पेशीतल्या पचनाच्या पिशवीतली) प्रथिनं पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं, तर काही तासांत रिक्तिका न पचलेल्या पुटिकांनी, म्हणजे पेशीचे भाग वाहून आणणाऱ्या बारीक पिशव्यांनी, भरून गेली. मग या प्रक्रियेला लागणारी १५ जनुकं त्यांनी शोधली. माणसाने किती तास उपाशी राहावं किंवा कॅन्सर बरा होतो का, हे प्रश्न त्या प्रयोगांत नव्हतेच.

खरी गफलत 'खाऊन टाकतं' इथे आहे. ऑटोफॅजीत पेशी आपल्याच आतले निकामी भाग मोडून त्यातला कच्चा माल पुन्हा वापरते आणि जगते. उपासमारीत तग धरण्याची ही सोय कॅन्सरच्या पेशीकडेही असते. गाठ होण्याआधी ऑटोफॅजी पेशीला बिघडण्यापासून वाचवू शकते. गाठ वाढल्यावर, रक्तपुरवठा अपुरा पडतो तिथे, तीच कॅन्सरला तारू शकते. म्हणून तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध देऊन रुग्णांमधली ऑटोफॅजी रोखून पाहण्याच्या चाचण्या झाल्या. संदेशाच्या नेमकं उलट!

पेशीला ठरवून मारणारी यंत्रणा वेगळी, अ‍ॅपॉप्टोसिस. तिचं नोबेलही वेगळं, २००२ चं. सी. एलेगन्स या सूत्रकृमीच्या वाढीत तयार होणाऱ्या १०९० कायिक (प्रजननाच्या सोडून इतर) पेशींपैकी १३१ पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, हे त्या कामातून कळलं. अनेक कॅन्सरमध्ये हा मृत्यूच अडवलेला असतो.

'कंपन्या लपवतात' म्हणणाऱ्यांनी पुढची गोष्ट वाचावी. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला मरू देत नाही, हे मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं. त्या प्रथिनालाच अडकवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध औषध कंपन्यांनीच आणलं आणि २०१६ मध्येच अमेरिकेत एका रक्ताच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याचा डोस २० मिलिग्रॅमपासून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत नेतात, कारण एकदम फार पेशी मेल्या तर त्यांतून सुटलेले क्षार आणि युरिक आम्ल मूत्रपिंडावर आणि हृदयावर बेततात. पेशी मारणं हे इतकं जपून करायचं काम आहे.

'उपवासाने नुकसान तर नाही ना?' आहे. कॅन्सरमध्ये वजन आणि स्नायू आधीच झडत असतात. अशा रुग्णाला दर किलो वजनामागे रोज किमान एक ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिनं द्यावीत, असं आहारतज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. केमोच्या आसपासच्या मर्यादित उपवासावर चाचण्या झाल्या आहेत, पण निवडक रुग्णांवर, देखरेखीखाली आणि उपचार चालू ठेवून. रुग्णाला एकादशी करायचीच असेल तर केमोची तारीख, घटलेलं वजन आणि साखर सांगून आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन चालू असेल तर न विचारता एक वेळचं जेवणही टाळू नका.