प्रत्येक एरर लॉग करायची नसते
लिनक्स ड्रायव्हरवरच्या (कर्नलमधल्या हार्डवेअर चालवणाऱ्या कोडवरच्या) एका लेखातलं ‘ड्रायव्हरने प्रत्येक एरर लॉग केलीच पाहिजे’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. आमच्या बोर्डावर आय-टू-सीवरच्या (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरच्या) सेन्सरची वायर सैल झाली की दर रीडला तीच ओळ पडायची. रिंग बफर (कर्नलचा मर्यादित लॉग, भरला की जुन्या ओळी जातात) भरून बूटच्या वेळची, खरं कारण सांगणारी रेग्युलेटरची (ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाची) ओळच पुसली जायची. मग मूळ बिघाड शोधताना जीव मेटाकुटीला येतो. अशा जागी रेटलिमिट लावलेला (ठरावीक वेळात मोजक्याच ओळी छापणारा) प्रिंटच हवा.

आणि प्रोब-डिफर (ड्रायव्हर उपकरण सुरू करू पाहतो तेव्हाचा ‘आत्ता नाही’ हा कोड) ही तर बिघाडाची एररच नव्हे. क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून तयार नाही, नंतर पुन्हा बघ, एवढंच. लिनक्स 5.9 पासून ‘डेव्ह_एर_प्रोब’ हे फंक्शन त्यासाठीच आहे: डिफर असेल तर डीबग पातळीवर, एरवी कोडसकट एरर. के-मॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) फसल्याची ओळही नको, ते कर्नल स्वतःच ओरडून सांगतो. त्यापेक्षा चिप आयडी (चिपचा ओळख क्रमांक) काय अपेक्षित होता आणि काय वाचला, ते छापा.