नवीन घराच्या नेटवर्क आणि टीव्ही वायरिंगबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. तुमच्या तक्रारी अशा आहेत: प्लॅन 300 एमबीपीएसचा असून वरच्या बेडरूमच्या पॉइंटवर 95 च्या वर स्पीड जात नाही. हॉलच्या टीव्हीवर 4के लावलं की पडदा काळा होतो. मिरगाच्या पहिल्याच पावसात गेटचा कॅमेरा बंद पडला. वाय-फाय वरच्या मजल्यावर पोचत नाही. आणि 30 बाय 40 च्या साईटवरच्या घराला दोन बॉक्स केबल लागलीच कशी? एकेक घेतो. चूक आमची आहे तिथे तसं स्पष्ट लिहितो.

95 हा आकडाच बरंच सांगून जातो. नेटवर्कच्या कॅट सिक्स केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. एक जीबीपीएसच्या लिंकला चारही जोड्या लागतात, 100 एमबीपीएसला दोनच पुरतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी सुटली, तरी दोन्हीकडची यंत्रं आपोआप 100 वर उतरतात आणि हातात 94-95 मिळतात. नेट चालू राहतं, म्हणून दोष लवकर कळत नाही. आधी त्या पॉइंटची पॅच कॉर्ड (पॉइंटपासून यंत्रापर्यंतची छोटी केबल) बदलून बघा, आणि राउटरचा पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे एक जीबीपीएसचा आहे ना, तेही बघा. दोन्ही ठीक असेल तर दोष भिंतीतल्या जॅकमध्ये आहे. रंगकामाच्या वेळी प्लेटा काढून पुन्हा बसवल्या जातात. उथळ बॉक्समध्ये केबल मुडपली जाते आणि जॅकमधली तार उचलली जाते. आम्ही टेस्ट गिलाव्यानंतर केली, रंगानंतर पुन्हा केली नाही. ही चूक आमची. सगळे जॅक उघडून, जोड्यांचा पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त न सोडता, नव्याने पंच करून, म्हणजे तारा जॅकमध्ये दाबून बसवून देऊ.

आठ दिवे लागणारा साधा टेस्टर तार जोडली आहे एवढंच सांगतो. एका जोडीतली तार चुकून दुसऱ्या जोडीत बसली, पण दोन्ही टोकांना सारखीच चुकली, तरी आठही दिवे लागतात आणि गिगाबिट मात्र टिकत नाही. म्हणून या वेळी प्रत्येक पॉइंटवर दोन लॅपटॉप लावून दहा मिनिटं पूर्ण वेगाने डेटा पाठवू. आकडा 900 च्या वर राहिला तरच त्या पॉइंटवर सही करा.

आता टीव्ही. जिन्याखालच्या कपाटातल्या प्लेअरपासून टीव्हीपर्यंत 12 मीटरची साधी तांब्याची एचडीएमआय केबल आहे. 1080पी तिच्यातून जातं. 4के 60 फ्रेमला 18 जीबीपीएस लागतात, आणि साध्या केबलवर त्याचा भरवसा पाचेक मीटरपर्यंतच धरावा. नकाशात त्या जागी 40 मिलिमीटरचा पाईप होता, स्लॅबच्या वेळी 25 चा पडला. एचडीएमआयचं डोकं वीस मिलिमीटरच्या आसपास रुंद, ते 25 च्या बेंडमधून वळत नाही. म्हणून आमच्या माणसाने पाईप जोडतानाच केबल आत ओवली, आणि आता ती ओढून बदलता येत नाही. पाईप कोणी बदलला हा वाद आम्ही घालणार नाही. त्या दिवशी काम थांबवून तुम्हाला फोन करायला हवा होता, तो केला नाही.

तोडफोड न करता यातून वाट आहे. आज रात्रीपुरतं प्लेअरच्या सेटिंगमध्ये 4के 30 फ्रेम किंवा रंगासाठी 4:2:0 (रंगाची माहिती कमी पाठवणारा पर्याय) निवडा. डेटा जवळजवळ निम्मा होतो आणि बहुतेक वेळा चित्र येतं. कायमचं करायचं तर जुनी केबल कापून बाहेर काढू आणि डोकं सुटं होणारी ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) एचडीएमआय घालू. तिचं आतलं टोक मायक्रो आकाराचं असल्याने 25 च्या पाईपातून सहज जातं. ही केबल एकाच दिशेने चालते, म्हणून प्लेअरचं आणि टीव्हीचं टोक ओढायच्या आधी खुणावून ठेवावं लागतं. जुनी केबल आत अडकून बसली असेल तर टीव्हीमागच्या तीन कॅट सिक्सपैकी एकीवर एचडीबेस-टी एक्स्टेंडर (एचडीएमआयचं चित्र नेटवर्क केबलवरून नेणारं यंत्र) लावू. खर्च आमचा.

कॅमेऱ्याचा दोषही आमच्याकडे येतो. गेटच्या खांबावरचा आरजे-45 चा (नेटवर्क केबलच्या प्लगचा) जोड नुसती टेप गुंडाळून उघड्यावर ठेवला होता. कॅमेऱ्याची वीज त्याच केबलमधून, साधारण 48 व्होल्ट डीसी, जाते. जोडात ओल शिरली की त्या विजेने पिना झपाट्याने हिरव्या पडतात. बेळगाव-खानापूरच्या पावसाला टेप पुरत नाही. जोड झाकणाच्या बॉक्समध्ये हवा, केबल बॉक्समध्ये खालून शिरायला हवी आणि शिरण्यापूर्वी तिला खाली लोंबणारा झोल हवा, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं. जमिनीखालच्या तुकड्याला जेली भरलेली बाहेरची केबल घालू आणि कपाटाच्या टोकाला अर्थिंगला जोडलेला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं यंत्र) लावू. एप्रिल-मेच्या वळवात वीज जवळपास पडली तर गेटवरून आणि गच्चीवरच्या डिशच्या आरजी-6 केबलमधून झटका थेट नेटवर्क स्विच आणि टीव्हीपर्यंत येतो. म्हणून डिशची केबल घरात शिरते तिथेही अर्थिंगचा ब्लॉक लागतो. तो तुमच्याकडे आधीच बसवलेला आहे.

वाय-फायच्या बाबतीत मात्र आमचं म्हणणं वेगळं आहे. तुमचा राउटर पत्र्याच्या कपाटात आहे, वर आरसीसी स्लॅब आहे आणि भिंती जाड चिऱ्याच्या आहेत. 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल यातून नीट जात नाही, राउटर कितीही महाग घ्या. त्यासाठीच दोन्ही मजल्यांच्या छताला आणि जिन्याच्या माथ्यावर असे तीन पॉइंट काढले होते. तिथे लावायचे अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी यंत्रं) खर्च कमी करताना अंदाजपत्रकातून वगळले गेले, आणि ते पॉइंट आजही रिकामे आहेत. तिन्ही एकदम घ्यायची गरज नाही. वरच्या मजल्याचा एक आधी लावा. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच आहेच, वेगळा प्लग लागत नाही. नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा, 2.4 गिगाहर्ट्झचे चॅनल 1, 6, 11 यांतून वेगवेगळे निवडा. यंत्राचे पैसे तुमचे, बसवण्याचे घेणार नाही.

बिलाचा हिशेब असा. हॉलमध्ये 4, तीन बेडरूममध्ये 6, अभ्यासाच्या खोलीत 2, छताला 3, कॅमेऱ्यांना 5 आणि दाराच्या बेलला 1, मिळून 21 पॉइंट. केबल भिंतीतून वर, स्लॅबमधून आडवी आणि पुन्हा खाली येते. सरासरी 17 मीटर धरली तर 357 मीटर होतात. कपाटाशी दोन मीटर आणि पॉइंटपाशी एक वीत राखीव धरली की साधारण 400. बॉक्स 305 मीटरचा येतो, म्हणून दुसरा फोडावाच लागला. पण बिलावर नुसतं "2 बॉक्स" लिहिलं आणि उरलेल्या दोनेकशे मीटरचं काहीच लिहिलं नाही, हे चुकलं. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. उरलेल्या रोलच्या टोकाचा आकडा वाचा, हिशेब लगेच जुळेल. न वापरलेले मीटर परत घेऊन पैसे देऊ.

अर्ध्या दरात केबल मिळते असंही तुम्ही लिहिलंय. मिळते. त्या दराला तार बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. पात्याने खरवडली की आतून पांढरी दिसते. जॅकमध्ये दाबताना तुटते, आणि लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत नाही. पूर्ण बॉक्सच्या एका जोडीची दोन टोकं एकत्र पिळून दुसऱ्या बाजूने मल्टिमीटर लावा: शुद्ध तांब्याच्या 23 गेजच्या (गेज म्हणजे जाडीचं माप) तारेला 40 ओहमच्या आसपास येतात, 24 गेजला पन्नासच्या जरा वर. साठच्या पुढे गेलं तर बॉक्स परत करा, मग तो आमच्या दुकानातला का असेना.

ज्यांचा स्लॅब अजून पडायचा आहे, त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण या तक्रारीतला सर्वात महाग दोष पाईपाचा आहे. केबल कधीही बदलता येते. स्लॅबमधला पाईप नाही. 25 च्या पाईपात चारच कॅट सिक्स घाला, 20 च्या पाईपात दोन. पाईप भरगच्च झाला की नंतरची केबल ओढताना आतली सोलते, आणि 11 किलोपेक्षा जास्त ताण दिला तर जोड्यांचा पीळच बिघडतो. एल्बो (काटकोनी जोड) नको, लांब बेंड वापरा. दोन बेंडांनंतर ओढायला बॉक्स ठेवा. टीव्हीमागून कपाटापर्यंत 40 चा स्वतंत्र पाईप, आणि रस्त्याच्या खांबाच्या बाजूने कपाटापर्यंत फायबरसाठी एक रिकामा 25 चा. प्रत्येक पाईपात नायलॉनची दोरी सोडून तोंडं टेपने बंद करा, नाहीतर काँक्रीट ओतताना सिमेंटचं पाणी आत जाऊन गच्च बसतं. लाईटच्या वायरींपासून एक फूट अंतर, ओलांडायचंच झालं तर काटकोनात. चिरा ओल धरतो, म्हणून भिंतीतले बॉक्स पीव्हीसीचे घ्या. आणि काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी मापाची पट्टी जवळ ठेवून प्रत्येक पाईपाचा फोटो काढा. गवंडी, वायरमन आणि घरमालक, तिघांकडेही तो असू द्या.

साहेब, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमची दोन माणसं येतील. जॅक, कॅमेऱ्याचा जोड आणि एचडीएमआय, तिन्ही कामं त्याच दिवशी धरली आहेत. ऑप्टिकल केबल 15 मीटरची आणतोय. जिन्याखालचं कपाट तेवढं रिकामं करून ठेवा, आणि उरलेला केबलचा रोल बाहेर काढून ठेवा, आकडा तुमच्यासमोर वाचू.