कलेक्टर्स एडिशन घेऊलालाय? मग हे वाचाच

आवडत्या सिनेमाची कलेक्टर्स एडिशन, म्हणजे सजवलेल्या डब्यातली महाग डिस्क, घ्यायचं ठरवलंय म्हणजे तुमच्याकडं पैसे जास्त झालेत असं धरूया. माझ्याकडं पण झाले होते. गेल्या आठवड्यात बेळगावात, टिळकवाडीत घरपोच आलेल्या एका चकचकीत डब्यानं तेवढा प्रश्न मिटवला. सिनेमाचं नाव सांगत नाही, कंपनीची फुकट जाहिरात कशाला.

तर पहिला सल्ला, सिनेमा कसा दिसतोय हे बघायचंच नाही, डबा बघायचा. पत्र्याचा असला की डोळे झाकून घ्या. माहितीचा कागद त्या पत्र्याला डिंकाच्या ठिपक्यानं चिकटवलेला असतोय, तो काढताना हिरोच्या गालाचा रंग निघाला तर समजायचं माल ओरिजिनल आहे.

ऑर्डर टाकताना गावाच्या यादीत बेळगाव सापडलं नाही तर बेळगावी बघा, कर्नाटकात नाही दिसलं तर महाराष्ट्रात बघा. आपल्याला काय नवीन आहे.

एकाच सिनेमाच्या आवृत्त्या किती, डायरेक्टर्स कट, फायनल कट, अनकट, अनरेटेड: नाव जेवढं लांब तेवढा सिनेमा भारी.

२००७ ला ‘ब्लेड रनर’ची सुटकेस आली, त्यात एकाच सिनेमाच्या पाच आवृत्त्या होत्या, वर्कप्रिंटसकट (एडिटिंग चालू असतानाची कच्ची प्रत). कसला मूर्खपणा! शहाणी कंपनी एक आवृत्ती आज विकते, दुसरी दिवाळीला, आणि तुम्ही दोन्ही घेता.

आता रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालणार त्याचं कुलूप. ह्याच्याकडं तर अजिबात लक्ष द्यायचं नाही. माझ्या डब्यात दोन डिस्का निघाल्या. एक फोर-के, म्हणजे ब्लू-रेपेक्षा बारीक चित्राची, तिच्यावर सिनेमा, तिला रिजन लॉक नसतोय, ती चालली. खरं, मेकिंग, कापलेले सीन, कॅमेरामनची मुलाखत, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा पगाराचा लचका तोडून दिला, वर कस्टमवाल्यांचा वाटा वेगळा, ते सगळं साध्या ब्लू-रेवर आणि ती ‘ए’ रिजनची, भारत पडतोय ‘सी’मध्ये, प्लेयर म्हणतोय जमणार नाही. विकणाऱ्याच्या पानावर ठसठशीत ‘रिजन फ्री’ लिहिलेलं, विचारलं तर म्हणतोय फोर-के फ्री आहे की सर. मग दुसरी डिस्क काय चहाचा कप ठेवायला दिलीय काय रे? तर म्हणे परत पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा.

बरं, जी चालली ती तरी बघवते काय? जुन्या फिल्मचे बारीक दाणे पुसून पुसून माणसांच्या तोंडावरच्या सुरकुत्या पण पुसल्यात. २०१० ला ‘प्रेडेटर’ची नवी ब्लू-रे आली तेव्हा जगभर ओरड झाली होती, मेणाचे पुतळे केलेत म्हणून. अजून तेच चाललंय, वर सेलोफेनवर स्टिकर ‘नवं रिस्टोरेशन’. सेलोफेन फाडलं की स्टिकर पण कचऱ्यात, दावा पण कचऱ्यात.

आणि आपले सिनेमे? सत्यजित रायांच्या ‘अपू’ त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ ला लंडनच्या आगीत जळाल्या, तरी उरलेले तुकडे आणि दुसरीकडच्या प्रती जोडून लोकांनी २०१५ ला ती फोर-केमध्ये उभी केली. ‘शोले’चं शूटिंग आपल्याच राज्यात, रामनगरला (लोंढ्याजवळचं नव्हं, बंगळूरजवळचं), खरं सेन्सॉरनं १९७५ ला बदलायला लावलेला शेवट पूर्ण रिस्टोर होऊन २०२५ ला आधी दाखवला कुठं, तर इटलीत बोलोन्याला. आणि मराठी? ‘संत तुकाराम’ १९३७ ला व्हेनिसला गौरवला गेलेला सिनेमा. आमच्या बाजारात जुने मराठी सिनेमे म्हणजे एका डीव्हीडीत तीन कोंबलेले, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, दोन गाणी गायब, वर नाव ‘गोल्डन कलेक्शन’.

पुरे झाली चेष्टा. अरे, कीचेन नको, पोस्टकार्डं नकोत, तो पत्रा तर अजिबात नको. डब्यामागं वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा, कुठल्या प्रिंटवरून स्कॅन केलंय, किती मिनिटांचा आहे, चौकटीच्या बाजू कापल्यात काय, मूळ मोनो (एकाच चॅनेलचा) आवाज ठेवलाय काय, आणि रिजन प्रत्येक डिस्कचा वेगळा लिहा. एवढं छापायला काय जड जातंय तुम्हाला? लोकांच्या प्रेमावर दरोडा घालूलालाय तुम्ही. आणि डबा हातात येऊन तास पण झाला नाही, सेलोफेनसकट फोटो टाकून ‘मस्ट बाय’ लिहिणाऱ्यांनो, तुमच्यामुळंच ह्यांचं फावलंय. आधी ती डिस्क प्लेयरमध्ये घाला, सिनेमा शेवटपर्यंत बघा, मग काय लिहायचं ते लिहा.