मेन स्ट्रीटवर चार खुर्च्या

परवा माहेरच्या ग्रुपवर एक फिरत आलेला मेसेज पडला. हॅलोवीन म्हणजे भुताखेतांची पूजा, आपल्या मुलांना यापासून लांब ठेवा, वगैरे. खाली पाच-सहा जणांनी हात जोडले आणि एका काकांनी माझं नाव घेऊन विचारलं, "तिकडे तुम्ही पोरांना हे करू देता का गं?" मी तिथे उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळींत ते मावणार नव्हतं. काका, आम्ही करू देतो. आणि आम्हीही जातो, सगळं घर जातं. का जातो ते तुम्हाला कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आम्ही राहतो ते अनोका अमेरिकेतल्या मिनेसोटात आहे, मिनिआपोलिसच्या वायव्येला गाडीने अर्ध्या तासावर. वस्ती अठराएक हजार. रम नावाची नदी इथे मिसिसिपीला येऊन मिळते. गावाचं नाव डकोटा या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, 'दोन्ही अंगांना' अशा अर्थाचं. गाव खरोखरच रम नदीच्या दोन्ही काठांवर पसरलंय आणि मेन स्ट्रीट पुलावरून नदी ओलांडते. एवढंसं गाव स्वतःला जगाची हॅलोवीन राजधानी म्हणवतं. नवीन आलो तेव्हा मला ते दुकानदारांनी काढलेलं खूळ वाटलं होतं. मग शेजारच्या आजींनी गोष्ट सांगितली.

शंभर वर्षांपूर्वी हॅलोवीनची रात्र म्हणजे पोरांची उच्छाद मांडायची रात्र. अनोकाचे लोक सकाळी उठून बघतात तर मेन स्ट्रीटवर गायी मोकाट फिरताहेत, काचांना साबण फासलाय, परसातले संडास आडवे पाडलेत. दरवर्षी हेच. अखेर १९२० साली गावच्या जाणत्या मंडळींनी समिती बसवली, जॉर्ज ग्रीन तिचे अध्यक्ष. पहारे बसवायचे, चार पोरांना धरून कोठडीत टाकायचं, हे त्यांना करता आलं असतं. त्यांनी पोरांना रस्ताच देऊन टाकला. मिरवणूक काढायची, शाळांनी यायचं, बँड लावायचा, पोलिसांनी आणि अग्निशमन दलानेही त्यात चालायचं. त्या रात्री हजाराहून जास्त मुलांना पॉपकॉर्न, शेंगदाणे आणि गोळ्या वाटल्या आणि शेवटी पुलाजवळच्या चौकात मोठी शेकोटी पेटवली. तेव्हापासून ही मिरवणूक चालू आहे. महायुद्धामुळे १९४२ आणि १९४३ अशी दोन वर्षं मात्र ती निघाली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९३७ साली हॅरल्ड ब्लेअर नावाचा बारा वर्षांचा पोरगा वॉशिंग्टनला गेला. घरोघर पेपर टाकणारा मुलगा, चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून वर्तमानपत्राने सहलीला नेलेल्या मुलांपैकी एक. गावाने त्याच्या हाती ठराव दिला, अनोका ही हॅलोवीनची राजधानी. अंगात त्याच खुणेचा भडक स्वेटर. राजधानीत गावाचं म्हणणं मांडायला पुढारी न पाठवता पेपरवाला पोरगा पाठवावा, यातच या गावाने हा सण कोणाचा मानला ते आलं.

आजी हे सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा शिमगा होता.

गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. होमासाठी लाकडं चोरणं हा तिथल्या पोरांचा हक्कच. कोणाची वई उचकट, कोणाचं मोडकं फाटक पळव, मागीलदारी रचून ठेवलेल्या फाट्यांवर डल्ला मार. आजोबा सकाळी अंगणात उभे राहून शिव्या घालायचे, आणि त्याच पोरांना संध्याकाळी पालखीला खांदा द्यायला बोलवायचे. चोरी कोणी केली हे सगळ्यांना ठाऊक असायचं. वर्षातले ते चार दिवस पोरांच्या अंगातली रग गाव अंगावर घ्यायचं आणि तिला देवाच्या पालखीखाली उभं करायचं. अनोकाच्या त्या समितीतल्या माणसांनी कोकण कधी ऐकलंही नसेल. पण माझ्या आजोबांचं आणि त्यांचं जमलं असतं.

आता मिरवणुकीबद्दल. महिनाभर काही ना काही चालू असतं. एका शनिवारी रात्री दिव्यांची मिरवणूक निघते, घरं सजवायच्या स्पर्धा असतात. मुख्य मिरवणूक, ग्रँड डे परेड, ऑक्टोबरच्या शेवटाकडच्या शनिवारी दुपारी. माणसं रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या आधीच मांडून जातात आणि त्या कोणी हलवत नाही. पहिल्या वर्षी आम्ही उशिरा गेलो, मागे उभे राहिलो. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, बाबांच्या खांद्यावर. पुढच्या खुर्चीतल्या एका अनोळखी बाईंनी मागे वळून पाहिलं, उठून तिच्यासाठी जागा केली आणि आपलं ब्लँकेट तिच्या पायांवर टाकलं. बोलणं त्यानंतर झालं. त्या बाई म्हणजेच आज आमच्या शेजारच्या आजी.

बँड येतात ते लांबूनच पोटात वाजू लागतात. आसपासच्या हायस्कुलांची मुलं, थंडीने लाल झालेली बोटं तुतारीवर, पण ताल सुटत नाही. अग्निशमनाचे बंब सायरन देत जातात. आजूबाजूच्या गावांचे चित्ररथ येतात, त्या त्या गावच्या मुली त्यावर उभ्या राहून हात हलवत असतात. एखादा सांगाडा उंच पायांवरून डुलत येतो आणि लहान मुलं आयांच्या मांडीत तोंड खुपसतात, मग हळूच एका डोळ्याने बघतात. मी लहानपणी आमच्या शिमग्यातल्या संकासुराला अशीच बघायची. काळा पायघोळ झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. घुंगरांचा आवाज खालच्या वाडीतून आला की मी तांदळाच्या कणगीमागे. तरी फटीतून बघायचंच.

घाबरण्याची अशी एक सुरक्षित जागा मुलांना लागते, असं माझं ठाम मत झालंय. सगळी मोठी माणसं भोवती आहेत, आईचा हात हातात आहे आणि समोरून भय चालत येतंय. त्याला बघायचं, किंचाळायचं, आणि ते निघून जातं. आमच्या पिढीला हे शिमग्याने दिलं. मुलांना भीतीपासून पूर्ण लांब ठेवून ती निर्भय होत नाहीत.

ग्रँड डेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळकरी मुलांची मिरवणूक असते. तिचं नाव फार गोड आहे, 'छोट्यांची मोठी मिरवणूक'. माझ्या लेखी खरी मिरवणूक ही. लहान शाळांची मुलं वर्गावर्गाने, आपापल्या शिक्षकांमागे, मेन स्ट्रीटवरून चालतात. रस्त्याच्या कडेला गाव उभं असतं. ज्यांची मुलं कधीच मोठी होऊन गेली ते म्हातारेही, मांडीवर गोधड्या घेऊन. शेजारच्या आजी पन्नासच्या दशकात स्वतः यातून चालल्या होत्या, आईच्या जुन्या पडद्याचा झगा घालून. त्यांना तो पडद्यावरच्या फुलांसकट आठवतो.

२०२४ साली माझी मुलगी दुसरीत होती. काय व्हायचंय विचारलं तर म्हणाली, संकासुर. माझ्या बाबांनी गावच्या शिमग्याचा व्हिडिओ पाठवला होता, तो तिने दहा वेळा पाहिला असेल. मला आनंद झाला आणि धाकधूकही वाटली. संकासुर म्हणजे नुसता पोशाख नव्हे, तो देवीच्या पालखीबरोबर फिरणारा, मानाचा. मी बाबांना फोन लावला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नमस्कार करून घालू दे तिला. पण घुंगरू खरे बांध हो, प्लास्टिकचे नकोत."

टोपी पुठ्ठ्याची, त्यावर काळं कापड. घुंगरू एका मैत्रिणीने दिले, तिच्या मुलीच्या कथ्थकच्या क्लासचे. ते मी पट्ट्यावर एक एक करून शिवले. शाळेचा नियम, चेहरा झाकायचा नाही आणि हातात काही घ्यायचं नाही. त्यामुळे मुखवटा नाही, दोरी नाही. पांढऱ्या कापडाची दाढी हनुवटीखाली अडकवली. झग्याच्या आत जाड जाकीट, कारण इथे ऑक्टोबरच्या शेवटी काहीही होऊ शकतं. १९९१ च्या हॅलोवीनला सुरू झालेल्या वादळाने मिनिआपोलिस भागात २८.४ इंच बर्फ पडलं होतं, आणि त्या वर्षी गोळ्या मागत दारोदार फिरलेली मुलं आज आईबाप होऊनही ते सांगत असतात. म्हणून इथल्या बायका मुलांचे पोशाख दोन मापं मोठेच शिवतात.

ती चालत आली तेव्हा मला आधी घुंगरू ऐकू आले. मेन स्ट्रीटवर, रम नदीच्या पुलाजवळ, संकासुराचे घुंगरू. मला रडू आवरलं नाही. कडेच्या एका आजोबांनी तिला विचारलं, तू कोण? ती म्हणाली, "माझ्या आजोबांच्या गावचा राक्षस." त्यांनी टोपी काढून तिला वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. तो व्हिडिओ बाबांनी गावात सगळ्यांना दाखवलाय.

तर काका, भुतांची पूजा मला इथे कुठे दिसली नाही. या सणाचं मूळ शोधत गेलं तर आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या सुगी संपल्याच्या सणापाशी जातं. गुरं रानातून घरी आणायची, थंडी सुरू व्हायची, आणि त्या रात्री मेलेल्यांची ये-जा असते असा समज. पुढे ख्रिस्ती लोकांनी १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस मानला, त्याची ही आदली रात्र. तिकडे सलगमात कोरायचे तो दिवा इथे येऊन भोपळ्यात गेला. पितरांसाठी पान वाढून कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्याला यात परकं वाटावं असं काय आहे?

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती आपल्याच लोकांकडे आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आता हॅलोवीन होतो. पोशाख ऑनलाइन मागवायचे, गोळ्यांची पाकिटं आणायची, मजले फिरायचे, फोटो काढायचे. मुलांना मजा येत असेल, ती मला हिरावून घ्यायची नाही. पण अनोकात मला जे भावलं ते त्या पाकिटातून येत नाही. इथे वर्षभर कोणीतरी बिनपगारी राबतं, बैठका घेतं, वर्गणी गोळा करतं, बिल्ले विकतं, रस्ते बंद करायच्या परवानग्या काढतं. ते आपल्याला नवीन नाही, आपली मंडळं हेच करत आली. मग आपल्या मिरवणुकांत आज मुलं कुठे असतात? स्पीकरच्या भिंतींपासून लांब, कानांवर हात ठेवून, बाबांच्या खांद्यावर. ढोलपथकात जागा मिळवायलाही मोठं व्हावं लागतं. दुसरीतल्या पोरीने रस्त्याच्या मधून चालावं आणि गावाने कडेला उभं राहून तिला बघावं, असा आपल्या शहरांत वर्षातला एक तास तरी कुठे उरलाय? हॅलोवीनला विरोध करणाऱ्यांनी आणि तो करणाऱ्यांनीही याचं उत्तर द्यावं.

इथल्या मराठी मित्रमैत्रिणींनाही एक सांगायचंय. आपण दिवाळीचा कार्यक्रम शाळेचा हॉल घेऊन करतो, तो हवाच. २०२४ ला तर हॅलोवीन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली होती. पहाटे उटणं, चकली, कारीट फोडणं, आणि संध्याकाळी तीच मुलं पिशव्या घेऊन दारोदार. आमच्या दारातली पणती आणि भोपळा शेजारी शेजारी जळत होते. येणाऱ्या प्रत्येक मुलाला गोळीबरोबर एक शंकरपाळ्यांची पुडी दिली. पण आपण आपल्या हॉलमध्येच राहतो आणि गावाच्या रस्त्यावर फारसे दिसत नाही. दहा-दहा वर्षं इथे राहून ज्यांनी ही मिरवणूक पाहिली नाही अशी कितीतरी घरं मला माहीत आहेत. गाव आपल्याला बोलवायला दारी येणार नाही, पण खुर्ची टाकली तर ती कोणी हलवतही नाही.

आजींना यंदा गुडघ्यामुळे लवकर जाऊन जागा धरणं जमायचं नाही. त्यामुळे शनिवारी सकाळी मी चार खुर्च्या मांडणार आहे, पुलाच्या अलीकडे, नेहमीच्याच जागी. दोन आमच्या, एक आजींची. चौथी रिकामी आहे. मुलं पुढे ब्लँकेटवर बसतात, त्यांची चिंता नाही. कोणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. गाडी बरीच लांब लावावी लागते, चालायची तयारी ठेवा आणि जाड मोजे आणा. थर्मासमध्ये आल्याचा चहा माझ्याकडे असेल.