माळाला माळच राहू द्या

मृग निघाला की कोल्हापुरात वृक्षारोपणाचे फलक लागतात आणि त्यांच्यासोबत ठरलेलं वाक्य येतं: "माळ ओसाड पडलाय, हिरवा करूया." पुरावा म्हणून हातकणंगले, शिरोळकडच्या माळांचे एप्रिलमधले फोटो. नैरोबीत बसून ते बघताना मला राग येतो तो 'ओसाड' या शब्दाचा. ऑक्टोबरात त्याच माळावर गुडघ्याच्या वर गवत असतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेकडच्या शिरोळला पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरही नाही. जिल्हा एक म्हणून झाडोराही एक कसा असेल? पूर्वेला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो, पुढे सहा-सात महिने कोरडे आणि वर्षभर ऊब. अशा हवेतल्या विरळ झाडांच्या गवताळ माळालाच भूगोलात सवाना म्हणतात. आफ्रिकेत असला की तिकीट काढून बघायचा, आपल्याकडे असला की सरकारी दप्तरात पडीक.

कुसळी गवताचं एक कुसळ तळहातावर घ्या. खाली टोकदार बी, वर पिळाची काळी शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि एवढ्या फिरण्यावर बी मातीत घुसतं. गवताचे कोंब जमिनीलगत असतात, म्हणून वणव्यात पातं जातं, बुडखा जगतो. पळसाचं रोप वर्षानुवर्षं वरून जळतं. खाली मूळ जाड होत राहतं आणि एका चांगल्या वर्षी ते झाड होऊन वर निघतं. हिवर, खैर, बोर यांची मुळं खोल, अंगावर काटे. अशी तयारी ओसाड जागेत होत नाही.

त्यात आपण गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा लावतो. मारवेल आणि पवन्या या गवतांना भरपूर ऊन लागतं. सावली दाटली की ती विरळ होतात. खड्ड्यांनी गवताचा थर फुटतो आणि उघड्या मातीत गाजर गवत, घाणेरी घुसते. 2019 साली राज्याचं उद्दिष्ट 33 कोटी झाडांचं होतं. त्यात गवत मोजायला रकाना कुठला? पट्टणकोडोलीच्या बिरदेवाला भंडारा उधळणाऱ्या धनगरांची मेंढरं त्याच गवतावर जगतात.

इथं केनियातल्या बारिंगो भागात 1980 च्या दशकात जळण आणि हिरवळ म्हणून वेडी बाभूळ लावली. इथं तिला मथेंगे म्हणतात. तिनं कुरणं गिळली, तिच्या गोड शेंगांनी शेळ्यांचे दात गेले. 2006 मध्ये लोकांनी सरकारला कोर्टात खेचलं, तेव्हा बोळक्या तोंडाची शेळीच सोबत नेली. केनियाचं सगळं बरोबर आहे असं नाही. इथंही 2032 पर्यंत 1500 कोटी झाडांची घोषणा आहे. पण नमांगा रोडला मातातू, म्हणजे इथली वडापची गाडी, लागली की दोन्ही बाजूंच्या थेमेडा गवताला कुणी ओसाड म्हणत नाही. ते गवत तांबडं पडलं की मला हातकणंगल्याचा माळ दिसतो. सवाना हा शब्द मला इथं मिळाला, तोवर मीही 'पडीक'च म्हणायचो. लांब राहून शहाणपण शिकवतो असं म्हणतील, म्हणू देत. परत यायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तो माळच येतो.

झाडं लावायचीच असतील तर आधी पहार मारून बघा. फूटभराच्या आत मुरूम लागला तर तिथं खड्डा नको. माती असेल तिथं एकरी दहा-बारा झाडं पुष्कळ: हिवर, बाभूळ, बोर. पिशवीत वाढलेल्या रोपाचं मूळ तळाशी वेटोळं घालतं आणि पुढच्या उन्हाळ्यात रोप मरतं, म्हणून बीच टोकावं. बाभळीचं बी मेंढवाड्यातल्या लेंड्यांतून निवडावं, पोटातून गेल्यानं त्याचं कवच मऊ झालेलं असतं. नाहीतर उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवावं. गवताला जूनपासून चराई बंद हवी. वैरण फुलोऱ्यात, जमिनीपासून चार बोटं सोडून कापावी आणि चौथा हिस्सा बी झडेपर्यंत उभा ठेवावा. दरवर्षी तो हिस्सा बदलावा, म्हणजे चार वर्षांत सगळ्या माळावर बी पडतं.