वाटाण्याएवढी माती

उन्हाळी सुट्टीत मुलांना विमानविज्ञान हातानं करून शिकवावं, असं एका लेखात वाचलं आणि ते अगदी पटलं. माझ्या आठवीतल्या लेकीनं मे महिन्यात अशाच शिबिरात थर्माकोलचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, केलं. पहिल्यांदा सोडलं तर नाक वर करून थबकलं आणि धपकन खाली. मग तिनं नाकाला वाटाण्याएवढी माती चिकटवली, गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं तोललं जातं तो बिंदू, पुढं सरकला, आणि ते अख्खं मैदान पार करून गेलं! "बाबा, शेपूट जड होतं," हे तिचं तिनं शोधलं. आमच्या कोल्हापूरच्या विमानतळाची उजळाईवाडीची धावपट्टी १९३९ सालची, म्हणजे कोल्हापूरला विमान नवं नाही. पण शिबिराची फी सगळ्यांना झेपत नाही. उद्यमनगरातल्या कारखानदारांनी महापालिकेच्या शाळेतल्या चार-चार पोरांची फी उचलावी, अशी कळकळीची विनंती.