एमएच तेरा आणि माझं आठ नंबरचं पाऊल

सकाळी चहा घेता घेता ग्रुपवरचा व्हिडिओ उघडला आणि डोकंच फिरलं. कोकणातला कुठला तरी किनारा, ओल्या वाळूत गोल गोल घुमणारी एसयूव्ही, मागं दणदण गाणं. नंबर प्लेट एमएच तेरा. म्हणजे सोलापूरची, आपलीच! खाली आपल्याच दोस्तांचे ढीगभर अंगठे. का बे, जनाची नाही तर मनाची तरी?

दोन वर्षांखाली मार्चमध्ये लेकीला घेऊन वेळासला गेलो होतो, मंडणगड तालुक्यात. संध्याकाळी कासवमित्रानं हॅचरीतली, म्हणजे अंडी जपायच्या कुंपणातली, टोपली उचलली. खाली सात पिल्लं, ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची, तळहातावर मावतील एवढी. दोरीमागं थांबायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पिल्लं निघाली समुद्राकडं. त्यातलं एक धपकन खड्ड्यात पडलं. खड्डा कसला, मगाशी मीच तिथून चाललो होतो त्याचा ठसा. ते कडेला चढायचं, वाळू ढासळायची, परत खाली. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या पावलात अडकलंय ते."

माझ्या आठ नंबरच्या पावलात त्याची ही गत. मग गाडीच्या चाकोरीत काय होणार? आणि वाळूखाली शंभर-सव्वाशे अंड्यांचं घरटं असलं तर? पिल्लू बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, चाक फिरायला एक रील पुरतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला वाघाच्याच रांगेत बसवलंय, पण वाघावर गाडी घालायची हिंमत आहे का कुणाची?

माझं म्हणणं सरळ आहे. जिथं कासव येतं तो किनारा राखीव करा. गाडी बंद, रात्री रिसॉर्टचे झगझगीत दिवे बंद, कारण पिल्लू उजेडाकडं धावतं. हो, कोकणातल्या माणसालाही पोट आहे, मान्य. पण वेळासकरांनी 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीनं घरटी राखली, आणि आज त्याच कासवांपायी त्यांच्या घरी पाहुणे उतरतात. आम्ही त्यांच्या पडवीत मोदक हाणले की!

आपण सोलापूरकरांनी तर हे बोलायलाच पाहिजे. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 चं. आता एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. अभयारण्याच्या नियमांत शेतकऱ्यांच्या जमिनी अडकल्या, लोक पक्ष्यावरच चिडले, हेही खरंय. म्हणून तर म्हणतो, गावाला धरून करा, पण करा. माझ्या लेकीनं माळढोक फक्त बोर्डावर बघितलाय.

ते पिल्लू शेवटी चढलं बरं का. दोन-तीन मिनिटं लागली असतील, मला तास वाटला. लाट आली आणि गेलं.

व्हिडिओवाल्या दोस्ता, तुझं नाव घेत नाही. शिव्या टाइप केल्या होत्या, खोडल्या. मार्चमध्ये आम्ही परत जातोय, तूही चल. शेंगाचटणी-भाकरी माझ्याकडं. गाडी गावात लावायची आणि दोरीमागं माझ्या शेजारी उभं राहायचं.